निखाऱ्याला धूर नसतो

(कोपर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



होळीच्या आधीच्या पंधरवड्यात रात्रीच्या वेळी कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावर वसईच्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं, की कधी कधी मलंगगडाच्या बाजूला डोंगरावर एक लाल रेघ दिसते. वाकडी, तुटक, हळूहळू सरकणारी. आमच्या लहानपणी तिला ‘डोंगरानं हार घातला’ म्हणायचे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, ते सर आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी खाडीच्या बाजूला फिरायला न्यायचे. असा वणवा दिसला, की ते दोनच प्रश्न विचारायचे : काय जळतंय आणि कुठे जळतंय? सुकं गवत, पालापाचोळा, शेतकऱ्यानं भाजलेल्या राबाची उडालेली ठिणगी, सागाची पानं. उघड्या माळावर की दोन कड्यांच्या बेचक्यात? एवढं ठरवल्याशिवाय ते पुढचं पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मी पुढे भूलतज्ज्ञ झालो आणि पस्तीस वर्षं लोकांच्या श्वासावर नजर ठेवून बसलो. सरांचे ते दोन प्रश्न मला वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडले. एकदा ते मी विचारले नाहीत. त्याबद्दलही आज बोलणार आहे.

संयोजकांनी दिलेला विषय आहे वणव्यानंतर होणारी कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि तिच्यावरचा हायपरबेरिक, म्हणजे वाढीव दाबाखालच्या, ऑक्सिजनचा उपचार. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्या जळताना आपण दूरदर्शनवर पाहिल्या. आपली मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यामुळे काळजी साहजिक आहे. पण विषय नीट समजायचा, तर आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. दूरवरून आलेल्या वणव्याच्या धुरानं घसा खवखवतो, दमा उसळतो, हृदयविकाराच्या माणसाला त्रास होतो. ते काम मुख्यतः धुरातल्या सूक्ष्म कणांचं. कार्बन मोनॉक्साइड मोकळ्या हवेत लवकर विरतो. तो मारतो आगीच्या जवळच्यांना : हिरव्या डहाळ्यांनी जाळ झोडपणाऱ्या वनमजुराला, जाळरेषा राखणाऱ्या वनरक्षकाला, घळीत अडकलेल्याला. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वन विभागाच्या चौघांचा जागीच मृत्यू झाला. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट वणव्यात सापडला. अशा ठिकाणी ज्वाळेच्या तावडीतून सुटलेला माणूसही हा वायू रक्तात घेऊनच खाली येतो.

दुसरी वेळ येते वणवा गेल्यानंतर. वीज गेलेली असते. माणसं गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली जनरेटर लावतात, घरात कोळसा पेटवतात आणि धूर आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतात. आगीतून वाचलेलं कुटुंब असं झोपेत जातं. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या वादळानंतर, वीज तोडणाऱ्या प्रत्येक आपत्तीनंतर हीच सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

आता आपल्याकडे या. आपला सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा गवताचा आणि पाचोळ्याचा. भडकतो आणि पुढे सरकतो. भडकून जळणाऱ्या आगीत कार्बनचं ज्वलन बऱ्यापैकी पूर्ण होतं. खरा कार्बन मोनॉक्साइड निघतो धुमसणाऱ्या आगीतून. दिव्याचं डंपिंग ग्राउंड, कल्याणचं आधारवाडी : या नावांनी आपल्या पिढीला धुमसणं म्हणजे काय ते शिकवलं आहे. वरून पाणी मारलं तरी आत दिवसेंदिवस जळत राहणारा कचरा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत उतरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या धुमसणाऱ्या ढिगावर तोंडाला फडकं बांधून पाइप धरणाऱ्या माणसाला फडकं या वायूपासून काडीचंही वाचवत नाही. अग्निशमन दलाच्या जवानाला पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो, तो याच कारणासाठी.

हा वायू शरीरात काय करतो, ते आपल्या रोजच्या लोकलच्या भाषेत सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे गाडी. ऑक्सिजन हा प्रवासी. फुप्फुसात चढतो, मेंदूत किंवा हृदयात उतरतो. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनला चिकटण्याची ओढ ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट. हवेत हजारात एक भाग एवढा हा वायू असला आणि माणूस त्यात पुरेसा वेळ राहिला, तर गाडीतल्या जवळजवळ निम्म्या जागा तो अडवून बसतो. एवढ्यावर भागलं असतं, तर निम्मं रक्त कमी असलेल्या पांडुरोग्यासारखा माणूस धापा टाकत का होईना जगला असता. पण हा वायू आणखी एक गोष्ट करतो. उरलेल्या जागांवर जे ऑक्सिजनचे प्रवासी बसलेले असतात, ते स्टेशन आलं तरी उतरत नाहीत. हिमोग्लोबिनची पकडच बदलते. गाडी मेंदूच्या फलाटावर उभी, आत प्रवासी आहेत आणि फलाट रिकामा. शिवाय हा वायू हृदयाच्या स्नायूत आणि पेशींच्या आतल्या ऊर्जायंत्रणेतही शिरतो, ते वेगळंच.

यातलं पहिलं पाऊल, हा वायू रक्तातून ऑक्सिजनला हुसकावतो हे, क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवलं. पुढचं काम जॉन स्कॉट हाल्डेन यांचं. हे नाव लक्षात ठेवावं असं आहे, कारण आजच्या विषयाची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात सापडतात. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि सांगितलं, की बहुतेक माणसं स्फोटानं मेलेली नाहीत, स्फोटानंतरच्या वायूनं मेली आहेत. खाणीत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच सल्ल्यानं पडली आणि ब्रिटनमध्ये ती थेट १९८० च्या दशकापर्यंत चालली. ते हा वायू स्वतः हुंगत आणि आपल्या शुद्धीची नोंद ठेवत. १८९५ मध्ये त्यांनी एका उंदराला काचपात्रात ठेवलं, भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडला आणि ऑक्सिजनचा दाब दोन वातावरणांइतका वाढवला. उंदराचं हिमोग्लोबिन पूर्ण निकामी झालं होतं, तरी उंदीर जगला. पुढे १९०८ मध्ये याच माणसानं पाणबुड्यांना खोल पाण्यातून टप्प्याटप्प्यानं वर आणण्याची कोष्टकं दिली. म्हणजे विष समजावणारा तोच आणि दाबाचं शास्त्र घालून देणाराही तोच. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. वडील त्याला लहानपणीच खाणीत उतरवत. तो मोठा शास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. सर ही गोष्ट वर्गात सांगताना उभे राहायचे.

तो उंदीर कसा जगला? पुन्हा लोकलकडे. गाडीत जागा नाही, तर काही प्रवासी रुळाच्या कडेनं पायी चालत निघतात. रक्ताच्या पातळ भागात, प्लाझ्मात, थोडा ऑक्सिजन नुसता विरघळलेलाही असतो. साध्या हवेत तो इतका थोडा, की त्याला कोणी मोजत नाही : १०० मिलिलिटर रक्तामागे ०.३ मिलिलिटर. शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण २. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला, तर सुमारे ६. आणि स्वस्थ पडलेल्या शरीराला दर १०० मिलिलिटरमागे लागतो साधारण ५ ते ६. गाडी बंद आणि सगळे प्रवासी पायी पोचले! १९६० च्या सुमारास आम्स्टरडॅमच्या बोएरेमा या शल्यचिकित्सकानं डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या आणि त्यांना दाबाच्या कक्षात जिवंत ठेवलं. त्याच काळात ग्लासगोमध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णांना या पद्धतीनं उपचार देणं सुरू झालं.

हायपरबेरिक चेंबर म्हणजे जाड भिंतींचा, दाब सहन करणारा एक कक्ष. काही एका माणसापुरते, काही खोलीएवढे. दाब वाढू लागला, की विमान उतरताना होतं तसे कान बंद होतात. गिळून, जांभई देऊन ते उघडावे लागतात. तीन वातावरणांचा दाब म्हणजे समुद्रात वीस मीटर खोल गेल्यासारखं. आत जाताना अंगावर फक्त सुती कपडे; नायलॉन नको, डोक्याला तेल नको, खिशात काडेपेटी, मोबाइल काही नको, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. दीड-दोन तासांची एक बैठक. कानाचा पडदा दुखावू शकतो, क्वचित ऑक्सिजनच्याच अतिरेकानं फिट येते. उपचार मोठा आहे आणि त्याला माणसंही तयार लागतात.

त्याचा फायदा किती, यावर जगातले जाणकार एकमेकांशी अजून वाद घालतात. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात चेंबरचा फायदा दिसला नाही. २००२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या वीव्हर यांनी १५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तासांत तीन बैठका दिलेल्यांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनी स्मृतीचे आणि विचारशक्तीचे दोष राहिले. नुसता साधा ऑक्सिजन दिलेल्यांत ४६ टक्क्यांना. त्यानंतरच्या पाहण्या पुन्हा दोन्हीकडे झुकल्या. माझं मत विचाराल, तर बेशुद्ध झालेला, फिट आलेला, छातीत दुखणारा, वागण्या-बोलण्यात फरक पडलेला आणि विशेषतः गरोदर बाई, यांच्यासाठी चेंबरच्या डॉक्टरांना तातडीनं फोन करावाच. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षा जास्त काळ धरून ठेवतं. आई शुद्धीवर आली, तरी बाळ अजून विषात असतं.

पण चेंबर आपल्या गल्लीत नाही. आपल्या भागात हे शास्त्र वाढलं ते नौदलात. कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी रुग्णालयाच्या आवारातली नौदल वैद्यकीय संस्था पाणबुड्यांच्या आजारांचं आणि दाबाखालच्या उपचारांचं शिक्षण देते. कोपरहून कुलाबा म्हणजे मुंबईचं दुसरं टोक. तिथे पोचेपर्यंत काय करायचं, याचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येकानं पाठ करावं. साध्या हवेत ठेवलेल्या रुग्णाच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. तोंडावर घट्ट बसणारा, पिशवीचा मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर सुमारे सव्वा ते दीड तास. चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे पहिली मोठी झेप साध्या सिलिंडरनंच मारता येते. १०८ च्या गाडीत ऑक्सिजन असतो. शास्त्रीनगर रुग्णालयात, रुक्मिणीबाई रुग्णालयात ऑक्सिजन असतो. चेंबर कुठे मिळेल हे शोधत रुग्णाला हवेवर ठेवणं म्हणजे हातातला उपचार टाकून लांबच्याची वाट पाहणं. आधी मास्क, लगेच. आणि माणूस बरा दिसला तरी अर्ध्या तासात काढायचा नाही.

आता ती गोष्ट.

नव्वदच्या दशकातला पावसाळा. एका रुग्णालयात मी नवखा होतो. इथल्याच एका चाळीतून एक बाळंतीण आणि तिची आई, दोघींना आणलं. सातवा-आठवा दिवस होता. बाळंतिणीला शेक हवा, पोरीला वारा लागू नये, म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या आणि बाजेखाली शेगडी. निखारे चांगले फुलले होते, धूर अजिबात नव्हता. म्हणूनच तर आईनं निश्चिंतपणे दार लावलं होतं. आपल्याकडे आयाबाया हेच सांगत आल्या : धुरकट कोळसा आत नेऊ नये, फुललेला न्यावा. सगळ्या घातकपणाचं मूळ तिथे आहे. फुललेल्या निखाऱ्यात, आतल्या तापलेल्या कार्बनवरून जाताना, कार्बन डायऑक्साइडचाच कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी एक निळी, नाचरी ज्योत दिसते ना, ती तोच वायू जळत असल्याची. डोळ्यांना पाणी आणणारा धूर नाही, वास नाही, काही नाही. बाळ शेजारच्या खोलीत आत्याजवळ होतं, म्हणून त्याला काही झालं नाही.

आईला ओकाऱ्या आणि डोकेदुखी. मुलगी बेशुद्ध. आम्ही ऑक्सिजन लावला. दोन तासांत मुलगी डोळे उघडून बाळाला मागू लागली. सगळ्यांना हायसं वाटलं. बाळंतपणातला अशक्तपणा, उपाशीपोटी चक्कर, असं काहीसं कागदावर लिहिलं गेलं आणि संध्याकाळी दोघी घरी गेल्या. काय जळत होतं आणि कुठे, हे मी विचारलं नाही. शेगडीचं नंतर कळलं.

तिसऱ्या आठवड्यात तिचा नवरा तिला धरून घेऊन आला. ती पाय घासत चालत होती, चेहरा मख्ख. दूध गॅसवर ठेवून कशासाठी ठेवलं ते विसरत होती. बाळ रडलं, की ते कोणाचं आहे हे तिला उमगत नव्हतं. विषबाधेतून बरा वाटलेला माणूस काही दिवसांनी, कधी महिन्याभरानंही, असा पुन्हा कोसळतो, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही माहीत होतं. मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी मास्क रात्रभर ठेवला असता, चेंबरबद्दल चौकशी केली असती, तर तिचं काय झालं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मी विचारलं नाही एवढं मात्र खरं, आणि ते मी सरांनाही सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आता प्रत्येकाला विचार.”

तेव्हापासून विचारत आलो. चाळी गेल्या, इमारती आल्या. शेगडी गेली आणि गॅस गिझर आला. एक लिटर गॅस नीट जळायला साधारण २५ ते ३० लिटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांची न्हाणी, थंडी म्हणून लावलेली काच, पंख्याच्या भोकावर चिकटवलेला पुठ्ठा. दहा मिनिटांत हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत निळ्याची पिवळी होते, गिझर धडधडत राहतो आणि आतलं माणूस गुडघ्यात वाकतं. आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे. दर हिवाळ्यात मुंबईत, पुण्यात, आपल्या डोंबिवलीत ‘बाथरूममध्ये गुदमरून’ अशी बातमी येते. कितीतरी वेळा ते फिट म्हणून, आकडी म्हणून, तरुण मुलगी असेल तर अशक्तपणा म्हणून खपून जातं. शाळेत सर बन्सन बर्नरचं हवेचं छिद्र बंद करून पिवळी ज्योत दाखवायचे आणि तिच्यावर धरलेली बशी काळी पडायची. भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, की शेगडीवाल्याला बोलवायचं ते याच कारणासाठी.

कोविडनं आपल्या प्रत्येक घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणून ठेवला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याची कल्पना दिली; त्या एका माणसानं किती जीव वाचवले असतील, याची गणती नाही. पण या एका विषापुढे तो फसतो. कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं हिमोग्लोबिन त्याच्या प्रकाशाला ऑक्सिजननं भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस मरणाच्या दारात असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. बाथरूममधून काढलेल्या माणसाच्या बोटाला यंत्र लावून, आकडा बघून, ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणत कोणी घरी बसू नये. रक्तातला खरा आकडा को-ऑक्सिमीटरची तपासणीच सांगते. आणि मघाचे दोन प्रश्न त्याहून आधी सांगतात.

बंद जागेतली आग म्हणजे हेच विष मोठ्या मापानं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल्सच्या आगीत चौदा जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. तिघं भाजून, सात जण धुरानं. अशा आगीत फोम, नायलॉन, प्लास्टिक जळतं, तेव्हा सायनाइडही निघतं, आणि दोन्ही विषं एकाच वेळी पेशीचा श्वास दाबतात. मार्च १९४४ मध्ये इटलीत बाल्व्हानोजवळ वाफेच्या इंजिनाची गाडी चढावर बोगद्यात अडकली. आग नाही, अपघात नाही. पाचशेहून जास्त माणसं बसल्या जागी गेली. १९१६ पासूनच्या आपल्या पारसिक बोगद्यातून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत आपण रोज विजेच्या गाडीनं जायचो, तेव्हा मला हे आठवायचं आणि विजेचे आभार मानावेसे वाटायचे.

सोसायट्यांच्या चालकांना एक विनंती करतो. पुढच्या सभेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी हा विषय घ्या. गॅस गिझर न्हाणीच्या आत असेल, तर बाहेर काढा, त्याचा धूर नळीनं इमारतीबाहेर सोडा. न्हाणीची झडप लोकांनी बंद केली असेल, तर उघडायला लावा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर करणारं यंत्र आता सहज विकत मिळतं. ते झोपायच्या खोलीपाशी लावा. आणि कुणी कोसळलं, तर आधी खिडकी, मग गॅस, मग माणूस ओढून बाहेर, मग १०८. फोनवर ‘गिझर चालू होता’ हे शब्द आवर्जून सांगा. त्यावरून डॉक्टरचा सगळा विचार बदलतो.

ती बाळंतीण पुढच्या वर्षभरात बरीचशी सावरली. चालणं सुधारलं, घर सांभाळू लागली. ते बाळ मोठं झालं. मागच्या पावसाळ्यात त्याच मुलीचं बाळंतपण होतं आणि बारशाला तिनं मला आग्रहानं बोलावलं. खोलीत शिरलो, तर खिडकी सताड उघडी होती; पावसाचे थेंब आत येत होते, आणि नात दुपट्यात गुंडाळलेली होती. शेगडी बाहेर गॅलरीत होती. तिच्यावर तापवलेली फडकी तेवढी आत येत होती. मी खिडकीकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. ती मुलीकडे पाहत म्हणाली, “डॉक्टर, हिच्या जन्मानंतरचे ते महिने मला अजून आठवत नाहीत. सगळे सांगतात, पण मला आठवत नाहीत.” आणि नातीला माझ्या हातात दिलं.